तीन यंत्रं आणि दहा राग

मुलांनो, आधी एक कबुली देते. बाईंनी मुलांसमोर कबुली द्यायची म्हणजे जरा अवघडच. पण ती दिल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

आमच्या शाळेत एक कीबोर्ड आहे. त्याला सगळे ‘कॅसिओ’च म्हणतात, वर नाव कुठल्याही कंपनीचं असो! गावातल्या एका चाकरमान्याने गणपतीला येताना मुंबईहून तो शाळेसाठी आणला होता. परिपाठाला आमच्या जुन्या पेटीऐवजी तो वाजू लागला. वाजवायला चौथीतला एक मुलगा. त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या घरी भजनाची परंपरा, आजोबा मृदंगाला बसणारे. कुठलीही चाल दोनदा ऐकली की याच्या बोटांत आलीच म्हणून समजा.

एके दिवशी शाळेत पाहुणे आले होते. परिपाठ सुरू झाला. आमची एक प्रार्थना भूप रागात आहे. पहिली ओळ नीट झाली. दुसऱ्या ओळीला या पठ्ठ्याने कुठलंसं बटण दाबलं आणि प्रार्थनेखाली ‘धम् छिक् धम् छिक्’ असा डिस्कोचा ठेका सुरू झाला! पहिलीतली पोरं हात जोडलेल्या अवस्थेतच डुलू लागली. मागच्या रांगेत खसखस पिकली. पाहुणेसुद्धा हसत होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तरातरा गेले आणि बटण बंद केलं.

पाहुणे गेल्यावर त्याला बोलावलं. “प्रार्थनेची थट्टा करतोस?”

तो खाली मान घालून म्हणाला, “पण बाई, सूर तर एकपण चुकला नाय.”

हे अगदी खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला. कीबोर्ड खोक्यात गेला, खोकं कपाटावर गेलं. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं मी म्हटलं. पण आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढच्या वर्षी तो पाचवीला मोठ्या शाळेत गेला, आणि खोकं तिथेच राहिलं.

यंदाच्या मे महिन्यात माझा भाचा मुंबईहून सुट्टीला आला होता. मी आमरस करायला आंबे पिळत होते आणि तो पडवीत मोबाईलवर काहीतरी ऐकत होता. माझा हात थांबला. भूप! आणि त्याखाली तोच डिस्कोचा ठेका! क्षणभर वाटलं, त्या दिवशी कुणीतरी आपल्या शाळेतलं वाजवणं टिपून ठेवलं की काय?

“कोण रे हा?” मी विचारलं.

“चरणजीत सिंग. मावशी, हे १९८२ सालचं आहे,” भाचा म्हणाला.

१९८२! तेव्हा माझा जन्मसुद्धा झाला नव्हता.

तर हे चरणजीत सिंग कोण? मुंबईत राहणारे वादक. पालकांपैकी कित्येकांनी त्यांचं वादन ऐकलेलं असेल, पण नाव ऐकलेलं नसेल. जुन्या हिंदी सिनेमांच्या गाण्यांमागे पन्नास-साठ वादकांचा ताफा असे. पडद्यावर नट, तबकडीवर गायक-गायिका, संगीतकार, गीतकार यांची नावं. वादकांची बहुधा नसायचीच. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा मोठमोठ्या संगीतकारांकडे चरणजीत सिंग वाजवत. कधी गिटार, कधी बेस गिटार, कधी ट्रान्झिकॉर्ड म्हणजे विजेवर चालणारा अकॉर्डियन. नवीन वाद्य दिसलं की ते शिकायचं, असा त्यांचा स्वभाव.

विजेवरची वाद्यं आपल्या सिनेमाला तशी नवी नव्हती बरं का. १९५४ सालच्या ‘नागिन’ सिनेमातली पुंगी आठवते? लग्नाच्या वरातीत बेंजोवाले ती धून वाजवतात आणि काका-मामा रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळतात, तीच! ती खऱ्या पुंगीची नाहीच मुळी. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे आपल्या आजोबांच्या वरातीतही इलेक्ट्रॉनिक संगीत वाजलेलं आहे, फक्त कुणाला पत्ता नाही.

पण चरणजीत सिंग यांनी केलं ते वेगळंच. १९८० ते १९८२ या काळात जपानच्या रोलँड कंपनीने तीन यंत्रं बाजारात आणली होती. ती त्यांनी सिंगापूरहून आणली. त्या काळी हिंदी सिनेमात डिस्कोची लाट होती. जिकडेतिकडे तोच ठेका. यांनी विचार केला, डिस्कोचा ठेका ठेवू, तबला काढून टाकू, आणि त्यावर आपले राग वाजवू. यमन, भूपाळी, तोडी, ललित, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग, प्रत्येक पाचेक मिनिटांचा. गायक नाही, तबलजी नाही, तानपुरा नाही. एक माणूस आणि तीन यंत्रं. ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे ज्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असायचा त्या एचएमव्हीने, त्याची तबकडी काढली. इंग्रजी नाव होतं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’.

आता ही यंत्रं काय करतात ते सांगते. वही घ्या आणि एका ओळीत सोळा चौकोन काढा. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या चौकोनात ठिपका द्या. झालं! हा डिस्कोचा ‘धम्-धम्-धम्-धम्’. चरणजीत सिंग यांच्या तीनपैकी एक यंत्र, टीआर-८०८, असंच चालतं. त्याच्यावर ओळीने सोळा बटणं आहेत आणि ती चार-चारच्या गटांत रंगवलेली आहेत: लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी. ज्या घरात ठोका हवा तिथलं बटण दाबायचं. मग यंत्र ती सोळा घरं पुन्हापुन्हा फिरत राहतं.

तबला शिकणारी मुलं आता हात वर करतील. बाई, हा तर त्रिताल! अगदी बरोबर. त्रितालाच्याही सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. फरक एवढाच की नवव्या मात्रेवर टाळी नसते, तिथे ‘खाली’ असते. आपण हात नुसता बाजूला करतो. डिस्कोला खाली ठाऊक नाही. तो तिथेही ठोका देतोच. आणि धावतो तर किती! सोळा घरं साधारण दोन सेकंदांत संपतात.

या ८०८ ची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते, जे इतर कुणी फेकून दिले असते ते! त्यांच्यातूनच तो खास ‘छिस्स्’ असा आवाज यायचा. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, तसे बिघडलेले मिळेनात, आणि १९८३ मध्ये हे यंत्र बंद करावं लागलं.

दुसरं यंत्र टीबी-३०३. एकटा गिटारवाला घरी सराव करत असेल, तर त्याच्या साथीला बेस गिटार वाजवणारा कुठून आणायचा? त्याच्या जागी हे यंत्र. यातही सोळा घरं, पण प्रत्येक घरात ठोक्याऐवजी सूर भरायचा. बेस गिटारसारखा आवाज मात्र त्यातून कधीच आला नाही. पावसाळ्यात भाताच्या खाचरात बेडूक ओरडतात ना, तसा काहीसा ‘ड्रांव ड्रांव’ आवाज यायचा. का? एक प्रयोग करा. ओठांचा चंबू करून ‘ऊ’ म्हणा. आवाज न थांबवता तोंड हळूहळू उघडत ‘आ’ वर या. पुन्हा मिटा. घसा तोच, सूर तोच. पण तोंडाच्या आकाराने आवाजातला कधी एक भाग अडतो, कधी दुसरा मोकळा होतो. यंत्रातला एक गोल खटका नेमकं हेच करतो. आणि एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे. आपण जिला मींड म्हणतो, तिचीच लांबची बहीण. जी पेटीवर कधी येत नाही!

तिसरं ज्युपिटर-८. त्याला पेटीसारख्या पट्ट्या आहेत आणि एका वेळी आठ सूर वाजवता येतात. राग वाजवला तो यावर.

भाच्याच्या मोबाईलवर ती दहाही गाणी ऐकली आणि मग मला नादच लागला. सुट्टी होती. रोज दुपारी जेवणं आटपली की मी चरणजीत सिंग यांचं आणखी काय सापडतं ते शोधत बसायची. आणि सापडलं की हो! पण सगळं वेगळंच. सिनेमाच्या गाण्यांची नुसती वाद्यांवर वाजवलेली रूपं. स्टील गिटारवर, ट्रान्झिकॉर्डवर, पुढे सिंथेसायझरवर. त्या काळी अशा तबकड्यांना मागणी असे. हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये, घरी पाहुणे आले की मागे हळू आवाजात लावायला. एक संपली की दुसरी. सुरेख, नेटकं, मूळ चालीला कुठे धक्का न लावणारं वादन. कुणी खोड काढणार नाही असं. माझ्या मनात आलं, ‘हा गुणी मुलगा आहे, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा.’ आणि याच माणसाने एक दिवस परिपाठात डिस्को लावला!

खरं सांगते, सिनेमाच्या गाण्यांचं ते वादन मला आधी कंटाळवाणं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कान बदलला. एके ठिकाणी एक सूर दुसऱ्यात असा अलगद वितळत नेला होता, की मी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. हीच बोटं पुढे यमन वाजवणार होती. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चाली जशाच्या तशा वाजवल्या नसत्या, तर हा हात त्या यंत्रावर इतका सहज फिरला असता का? मला नाही वाटत.

एका संध्याकाळी माझ्या वडिलांना, अण्णांना, ललित ऐकवला. अण्णा आमच्या वाडीच्या भजनात पेटीला बसतात, वयाची सत्तरी उलटली तरी. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाले, “बोटं तयार आहेत गो. पण याला घाई कसली झालीय? पहाटेचा राग हा, जरा उजाडू तरी द्यावं.”

मला हसू आलं. मग मी मुद्दाम छेडलं. “अण्णा, तुमची पेटीसुद्धा परदेशातूनच आली ना? आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती. म्हणे, हिच्यावर मींड येत नाही, ही आपल्या संगीताची नाही. तीसेक वर्षं रेडिओवर पेटीला मज्जाव होता.”

“ठाऊक आहे मला,” अण्णा म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले. “ऐकली कोणी ही तबकडी त्या वेळी?”

“नाही. खपलीच नाही.”

“मग?”

“मग काय, पुन्हा सिनेमाची गाणी वाजवू लागले.”

अण्णांनी पानाचा डबा पुढे ओढला. “लाव परत,” म्हणाले.

त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. दहाही राग सलग ऐकले तर दमायला होतं. मेघमल्हार ऐकताना तर वाटतं, ढग भरून यायला वेळच दिलेला नाही, एकदम मुसळधार! आणि ती खाली नाही त्याची चुटपूट लागते. दमलेल्या कानाला टेकायला कुठे जागाच नाही. पण भूपाळी आणि यमन लागले की पाय आपोआप हलतात आणि राग मात्र जागचा हलत नाही. हे दोन्ही एकदम करणं सोपं नाही.

आता पुढची हकीकत. रोलँडचं ते बेडकासारखं ओरडणारं ३०३ यंत्र कुणालाच आवडलं नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. दुकानांतून आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या काही तरुणांच्या हाती असंच एक लागलं. त्यांना ते नीट वापरता येईना, म्हणून ते खटके उलटसुलट फिरवत बसले. ‘ऊ-आ, ऊ-आ’! १९८७ मध्ये फ्युचर या नावाने त्यांची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली. तिथून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा नवा प्रकार सुरू झाला आणि युरोपभर पसरला. ज्या यंत्राला गिऱ्हाईक नव्हतं, त्याची किंमत कुठच्या कुठे गेली.

या मुलांना मुंबईच्या चरणजीत सिंग यांची गंधवार्ताही नव्हती, आणि त्यांना या मुलांची. २००२ साली एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ती जुनी तबकडी सापडली. ऐकून तो चाट पडला. हे तर शिकागोच्या पाच वर्षं आधीचं! २०१० मध्ये त्याने ती नव्याने प्रसिद्ध केली. काही लोकांना तर ही थापच वाटली. कुणीतरी आजकाल बनवून जुनी तारीख टाकली असणार, म्हणे. पण तबकडी खरी होती आणि वाजवणारा माणूसही मुंबईत होता. मग वयाच्या सत्तरीनंतर चरणजीत सिंग युरोपात जाऊन वाजवू लागले, ज्यांचा १९८२ साली जन्मही झाला नव्हता अशा पोरांसमोर. काही वर्तमानपत्रांनी त्यांना त्या संगीताचा जनक ठरवून टाकलं. ते काही खरं नाही. शिकागोची वाट निराळी, यांची निराळी. दोन्ही वाटा त्याच यंत्राशी आल्या, एवढंच. २०१५ च्या जुलैत मुंबईत ते वारले.

२००२ मधून २०१० पर्यंत आठ वर्षं. १९८२ पासून २०१० पर्यंत अठ्ठावीस. मी हे आकडे मांडत बसले होते आणि नजर पुन्हापुन्हा मनातल्या त्या कपाटाकडे जात होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात स्टुलावर चढून खोकं खाली काढलं. सेल तसेच आत राहिलेले. त्यांना पाझर फुटून पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. ती जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढली, अ‍ॅडॉप्टर लावला. दिवा लागला! पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या. मधल्या सप्तकातला ‘म’ मुका झाला होता.

त्या मुलाची धाकटी बहीण आमच्याकडे दुसरीत आहे. तिला म्हटलं, “दादाला सांग, शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी बोलावलंय.” शनिवारी पाऊस कोसळत होता. वाटलं, येत नाही आता. पण आला, निथळती छत्री दाराशी उघडी ठेवून तिथेच उभा राहिला. उंच झाला होता. चेहऱ्यावर ‘आता काय केलं मी?’ असा प्रश्न.

मी म्हटलं, “आत ये. त्या दिवशी मी तुला उगाच ओरडले. तुझा सूर चुकला नव्हता, माझं चुकलं.”

तो पायांच्या बोटांकडे बघत राहिला. मग टेबलाकडे बघून म्हणाला, “चालतो काय बाई अजून?”

“चालतो. पण एक म गेलाय.”

“भूपात लागत नाय तो,” असं म्हणून तो बसलासुद्धा!

मग मी त्याला वहीतले सोळा चौकोन काढून दाखवले आणि नवव्या घराची खाली कशी हरवली तेही सांगितलं. त्याने थोडा विचार केला. ठेका लावला, प्रार्थना सुरू केली. दोन ओळी धम् छिक् धम् छिक्. तिसऱ्या ओळीला डाव्या हाताने ठेका एकदम बंद केला. नुसता भूप, आणि कौलांवरचा पाऊस. चौथ्या ओळीला ठेका परत आला. त्याची बहीण पाठीवरच्या दप्तरासकट दारात नाचत होती.

“खाली अशीच ना बाई?” त्याने विचारलं.

त्रितालाच्या हिशोबाने ती काही बरोबर नव्हती. मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, घरी आजोबांना विचारून बघतो. गणपतीपर्यंत कीबोर्ड त्याच्याकडेच राहणार आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तशी नोंद करून मी खाली सही केली आहे.